मदत हवी आहे: पॅनचा व्हॅक्यूम गेजवर 570, डीसीएसवर 620. खरा कोणता धरायचा?

नवशिका_इन्स्ट्रुमेंट

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे. ऑफ-सीझनमध्ये सी पॅनचा (साखरेचा पाक व्हॅक्यूममध्ये उकळायचं भांडं) जुना ट्रान्समीटर (दाब मोजून सिग्नल पाठवणारं यंत्र) काढून नवीन बसवला. गळीत सुरू झाल्यापासून डीसीएस (कंट्रोल रूमचा संगणक) आणि पॅनवरचा डायल गेज यांचं जमेना. डीसीएसवर 620 मिमी पारा व्हॅक्यूम असेल तर गेजवर 570. डीसीएसवर 500 असेल तर गेजवर 450. फरक कायम 50 चा.

शिफ्टवाले म्हणाले गेज खराब आहे. दोन गेज बदलले, तिसराही तेच दाखवतो. इंजेक्शन पाण्याचा (कंडेन्सरमध्ये वाफ थंड करून व्हॅक्यूम राखणारं पाणी) व्हॉल्व्ह ऑटोवर आहे, सेट पॉइंट नेहमीचाच 620. पण पॅनमन मामा म्हणतात, "डबा काय बी दाखवू दे, पॅन गरम चाललाय." मॅसिक्विट (पाक आणि साखरेच्या दाण्यांचं मिश्रण) मागच्या वर्षीपेक्षा सात-आठ डिग्री गरम येतंय, रंगही चढतोय. सगळे माझ्याकडे बघतात. कुठून सुरुवात करू?

कंडेन्सेट

आधी इम्पल्स लाइन (पॅनपासून ट्रान्समीटरपर्यंतची नळी) बघ. 50 मिमी पारा म्हणजे 68 सेंमी पाणी. ट्रान्समीटर टॅपिंगच्या (पॅनवर नळी जोडलेल्या जागेच्या) खाली असेल तर वाफ थंड होऊन नळीत पाणी साचतं आणि तेवढं वजन ट्रान्समीटरवर येतं. आमच्याकडे इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीवर हेच झालं होतं, आठवडाभर पंपाला शिव्या घालत होतो.

नवशिका_इन्स्ट्रुमेंट

ट्रान्समीटर टॅपिंगच्या अर्धा मीटर वर आहे, नळीला सरळ उतार. ब्लो केली, कोरडी निघाली.

चार_ते_वीस

पाण्याचा मुद्दा इथे दिशेतच बसत नाही. खाली बसवलेल्या ट्रान्समीटरच्या नळीत पाणी साचलं किंवा फ्लँजमधून हवा शिरली, तर व्हॅक्यूम कमी दिसेल. याचा जास्त दिसतोय. शिवाय फरक 620 लाही 50 आणि 500 लाही 50. फरक रीडिंगबरोबर वाढला असता तर स्पॅनवर (मोजण्याच्या पट्ट्यावर) संशय घेतला असता. एकसारखा आहे, म्हणजे कुणाचा तरी शून्य सरकलाय.

दोन गोष्टी सांग. नेमप्लेटवर काय लिहिलंय, गेज (बाहेरच्या हवेपासून मोजणारा) की ॲब्सोल्यूट (संपूर्ण पोकळीपासून)? आणि ट्रान्समीटर आयसोलेट करून व्हेंट उघडला तर डीसीएसवर काय येतं?

नवशिका_इन्स्ट्रुमेंट

नेमप्लेट: 0 ते 760 मिमी पारा, ॲब्सोल्यूट. जुना गेज टाइप होता वाटतं, भंगारात गेलाय. व्हेंट उघडल्यावर डीसीएसवर 50 व्हॅक्यूम! करंट 18.95 मिलिअँपिअर. उघड्या हवेत व्हॅक्यूम कसला? म्हणजे झिरो आउट आहे ना? हँडहेल्ड (ट्रान्समीटर सेट करायचं हातातलं यंत्र) आणून व्हेंट उघडा ठेवून झिरो ट्रिम मारू का?

चार_ते_वीस

थांब! हँडहेल्ड खाली ठेव.

ॲब्सोल्यूट ट्रान्समीटरचा शून्य म्हणजे संपूर्ण पोकळी, बाहेरची हवा नव्हे. उघड्या हवेत झिरो मारलास तर वातावरणाचा सगळा दाब तो शून्य धरायला बघेल. बरेच ट्रान्समीटर एवढी मोठी दुरुस्ती घेत नाहीत, पण घेतली तर हंगामभर रडशील.

आता तुझाच आकडा उलगड (0 मिमीला 4 मिलिअँपिअर, 760 ला 20). 18.95 मधून 4 वजा कर, 16 ने भाग, 760 ने गूण. 710 येतात. म्हणजे ट्रान्समीटर सांगतोय की बाहेर 710 मिमी दाब आहे. आणि डीसीएसवर कुणीतरी "760 वजा रीडिंग" असा ब्लॉक (हिशोबाची पायरी) टाकलाय. 760 वजा 710, हे बघ तुझे 50.

नवशिका_इन्स्ट्रुमेंट

पण मोबाइलवर हवामानात आमच्या गावाचा दाब 1012 हेक्टोपास्कल दाखवतोय. ते 759 मिमी होतात. मग ट्रान्समीटरच चुकतोय की!

निवृत्त_केमिस्ट

बाळा, हवामानाचा तो आकडा समुद्रसपाटीला नेऊन ठेवलेला असतो, म्हणजे गावोगावचे आकडे एका नकाशावर ताडून बघता यावेत. तुमचा भाग साडेपाचशे मीटरच्या वर. तिथे प्रत्यक्षात 947 च्या आसपास, म्हणजे 710 मिमी. कुणाच्या मोबाइलमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर असेल तर त्यावर थेट बघ.

760 हा समुद्रकाठचा आकडा. पुस्तकातून उचलून घाटावरच्या कारखान्यात टाकला की असं होतं. तुमच्याकडे गेजवर 710 च्या वर व्हॅक्यूम दिसूच शकत नाही.

आणि तुमचा पॅनमन बरोबर आहे. जुन्या ट्रान्समीटरवर 620 म्हणजे आत 90 मिमी उरायचे, त्याला पाणी साधारण 49 डिग्रीला उकळतं. आता डीसीएसवर 620 दिसतं तेव्हा आत 140 असतात, त्याला 58 च्या पुढे. मॅसिक्विट त्याहून गरम असतं हे खरं, पण हा नऊ डिग्रीचा फरक तसाच वर चढतो. तुमचा व्हॉल्व्ह इमानेइतबारे पाणी कमी करत बसलाय.

कुणाचा विश्वास बसत नसेल तर पाण्यानेच मोजून दाखव. पूर्वी पॅनघरात पाऱ्याची नळी असायची, आता ती कुठे दिसत नाही. तुमचा पॅन फ्लोअर चांगला उंच असणार. वेपर स्पेसच्या (पॅनमधल्या वरच्या वाफेच्या जागेच्या) मोकळ्या नोझलला कॉक लाव, जाड भिंतीची पारदर्शक नळी खाली सोड, टोक पाण्याच्या बादलीत. साधी पातळ नळी चपटी होते. नोझल बादलीपासून दहा मीटर तरी वर हवं, नाहीतर बादली पॅनमध्ये जाईल. चीफ केमिस्टना विचारूनच कर. एक मीटर पाणी म्हणजे 73.5 मिमी पारा.

नवशिका_इन्स्ट्रुमेंट

केलं! चीफ केमिस्ट स्वतः टेप धरून उभे होते. कॉक हळूहळू उघडला, पाणी नळीत चढत गेलं, मध्येच बुडबुडे, आणि पहिल्या मजल्याच्या रेलिंगच्या वर जाऊन डुलत थांबलं. बादलीतल्या पातळीपासून 7.7 मीटर. म्हणजे 566 मिमी. गेजवर 570, डीसीएसवर 620. दोन चांगले गेज मी उगाच काढले.

एका सुपरवायझर साहेबांच्या मोबाइलमध्ये सेन्सर निघाला, 946 दाखवला.

चार_ते_वीस

म्हणजे गेजही बरोबर, ट्रान्समीटरही बरोबर. ब्लॉकमध्ये 760 च्या जागी 710 टाक. दिवसाकाठी बाहेरचा दाब दोन-तीन मिमी वरखाली होतो, तेवढ्याने पॅनला फरक पडत नाही. मला विचारशील तर डीसीएसवर ॲब्सोल्यूटही दाखव, उकळणं त्यावरच ठरतं. पण पॅनमनचा व्हॅक्यूमचा आकडा काढू नको, तीस वर्षांची सवय आहे त्यांची. आणि बदलताना लूप मॅन्युअलवर घे, नाहीतर व्हॉल्व्ह एकदम उघडेल, पॅन उसळून रस कंडेन्सरमध्ये जाईल.

नवशिका_इन्स्ट्रुमेंट

मॅन्युअलवर घेऊन 710 टाकले. व्हेंट उघडल्यावर डीसीएसवर शून्य. मग हळूहळू 620 वर आणलं, तासाभरात मॅसिक्विट आठ डिग्रीने उतरलं. मामांनी काचेवर नमुना घेऊन दाणा बघितला आणि मला चहा सांगितला.

इव्हॅपोरेटरच्या चौथ्या बॉडीवरही याच लॉटचा ट्रान्समीटर आहे. तिथला ब्लॉक आत्ता उघडून बघितला. 760.