रि: रि: कनू ट्रिप – कायाकवाल्यांचं सामान नेणार कोण?

प्रेषक: शुभदा

मंडळी, यादी बंद. दहा जण, चार कनू (दोघांच्या उघड्या होड्या), दोन कायाक (एकट्याच्या, वरून बंद). कॅनडातल्या ॲल्गॉन्क्विन पार्कात टॉम टॉमसन लेकचे दोन परवाने काढलेत, कारण एका साइटवर (तंबूच्या जागेवर) नऊच्या वर माणसं चालत नाहीत. शनिवारी सकाळी ८ ला कनू लेकच्या धक्क्यावर (हायवे ६०, किलोमीटर १४ चं वळण). स्वयंपाक एकत्रच ठेवू, म्हणजे एक बॅरल (जेवणाच्या सामानाचं पिंप), एक शेगडी. अडलंय एवढंच की कायाकमध्ये बॅरल जात नाही. मग त्या दोघांच्या वाटणीचं वजन कोणत्या कनूत घालायचं? आज ठरवा, उद्या भाड्याच्या दुकानाला कनूची मापं कळवायची आहेत.

प्रेषक: मंदार

शुभदाताई, आधी ते "स्वयंपाक एकत्र" खोडा. ॲल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात परवाना तळ्याचा मिळतो, साइटचा नाही. साइटची नारिंगी पाटी दिसली आणि जागा रिकामी असली तर ती आपली. लाँग वीकेंडला उशिरा पोचलो तर एक साइट या टोकाला, दुसरी त्या टोकाला. रात्री अंधारात जेवायला वल्हवत कोण येणार? आणि दहाही जण एकाच साइटवर बसले तर नऊचा नियम मोडलाच. तेव्हा पाच-पाच जणांचे दोन संसार. प्रत्येकाकडे दोन कनू, एक कायाक, एक बॅरल, एक शेगडी, एक पाण्याचा फिल्टर, एक प्रथमोपचार पेटी, एक नकाशा. यातलं काहीही "त्यांच्याकडे आहे ना" म्हणून सोडायचं नाही.

आता वजन. १६ फुटी केव्हलर कनू २० किलोच्या आसपास भरते, योक (मधला आडवा दांडा) खांद्यावर घेऊन एक माणूस नेतो. प्लास्टिकची लांब कायाक २५ किलोच्या पुढे, तिला योक नाही, न्यायला दोघं लागतात. तीही रिकामी. भरलेली कायाक दोन टोकांना धरून उचलली की मध्ये वाकते आणि टोकांच्या उचलायच्या मुठी तुटतात. म्हणजे पोर्टेजच्या (दोन तळ्यांमधली वाट, जिथे बोट आणि सामान उचलून न्यायचं) तोंडाशी हॅच (कायाकच्या कप्प्याचं झाकण) उघडून पंधरा-वीस पिशव्या बाहेर काढायच्या, आणि मागे इतरांच्या कनू खोळंबलेल्या. माझं मत पहिल्यापासून तेच आहे: कायाक सोडा, पाचवी कनू घ्या.

प्रेषक: योगेश

> पंधरा-वीस पिशव्या बाहेर

मंदारदादा, पोर्टेज एकच आहे हो. कनू लेक ते ‘जो’ लेक, २९५ मीटर, रुंद आणि बऱ्यापैकी सपाट. पुढे टीपी, लिटल डो, टॉम टॉमसन ही तळी, असं सगळं पाण्यातूनच. एका पोर्टेजसाठी कायाक रद्द?

शिवाय तुमचाच हिशेब मांडा. पाच जणांत दोन कनू दोघं नेणार, कायाक दोघं, बॅरल पाचवा. उरले दोन तंबू, झोपायच्या पिशव्या, वल्ही. म्हणजे कायाक असो-नसो, दोन खेपा होणारच. जा, ये, परत जा: ८८५ मीटर चाल. त्यात कायाकचं सामान आपोआप बसतं, फक्त ते सुटं नको. मोठी जाळीची पिशवी रिकामी घडी करून सीटमागे ठेवायची, धक्क्यावर लागताच हॅचमधलं सगळं तीत भरायचं आणि बाजूला व्हायचं.

आणि आम्ही कायाकवाले काही फुकट बसून येणार नाही. तांदूळ, डाळ, कणीक, तंबूचं कापड, हे सगळं मऊ सामान कायाकमध्ये उत्तम जातं. पिशव्या ५ आणि १० लिटरच्या घ्या. २० लिटरची गच्च भरली की हॅचच्या तोंडात अडकते. तंबूच्या काठ्या वेगळ्या, पुढच्या टोकात. जड ते सीटच्या लगेच मागे, तळाशी.

प्रेषक: सुनंदाकाकू

योगेश, तांदूळ-डाळ तुझ्या कायाकमध्ये देणार नाही. जेवणाचं सामान एका जागी राहील, आणि ते मी भरणार आहे. दरवर्षीप्रमाणे.

दोन संसार म्हणता तर दोन कुकर काढते, तीन-तीन लिटरचे. खिचडी माणशी १०० ग्रॅम कोरडी, दोन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, म्हणजे एका साइटला एका वेळी अर्धा किलो. पहिल्या रात्रीची मोजून, हळद-मीठ-जिरं घालून एका पिशवीत बांधलेली असेल. सकाळी थालीपीठ. भाजणी माणशी ८० ग्रॅम, कांदा घरून चिरून आणायचा नाही, पाणी सुटतं. लोणचं काचेच्या बरणीत चालणार नाही हे माहीत आहे. पुन्हा पुन्हा वापरायच्या फिरकीच्या डब्यात घालते, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, आणि डबा काठोकाठ भरायचा नाही. एवढं केलं तर तेल बाहेर येत नाही.

प्रेषक: मंदार

काकू, कुकरला माझी हरकत आहे. आपल्याकडे ती डब्यावरच बसवायची गॅसची शेगडी आहे. तिच्यावर भरलेला कुकर म्हणजे बूड वर, शेंडा खाली. शिवाय रुंद बुडाची उष्णता खाली परतते आणि गॅसचा डबा तापतो. त्यात वाऱ्यासाठी भोवती पत्रा लावला की स्फोटालाच आमंत्रण. कुकर हवाच असेल तर नळीवाली, जमिनीलगतची शेगडी भाड्याने घ्या. नाहीतर मूगडाळ अर्धा तास भिजवून झाकणाच्या पातेल्यात शिजवा, मऊ होते. तूरडाळ आणि छोले मात्र विसरा.

प्रेषक: अजित

हिंगाच्या वासाबद्दल आणि अस्वलांबद्दल कोणीच बोललं नाही. बॅरलचं झाकण रबरी कडीने घट्ट बसतं, पण बॅरल अस्वलाला पुरून उरत नाही. ते टांगावंच लागतं: जमिनीपासून ४ मीटर वर, खोडापासून २ मीटर लांब. दोरी २० मीटर, ८ मिलिमीटर जाडीची. बारीक सुतळीने वीस-पंचवीस किलो ओढलंत तर तळहात कापतील. बॅरलमध्येच टूथपेस्ट, सनस्क्रीन, साबणसुद्धा. तंबूत चिवड्याची पुडी नको. अस्वल राहू दे, खारी आधी येतात आणि तंबूला भोक पाडतात.

प्रेषक: योगेश

अजित, दोरीवरून आठवलं. दुकानातून कनूबरोबर जो छोटा डबा मिळतो त्यात शिटी, तरंगणारी १५ मीटर दोरी आणि पाणी उपसायचं भांडं आहे ना, ते धक्क्यावरच उघडून बघा. प्रत्येक बोटीला ते कायद्यानेच लागतं. त्या दोरीने बॅरल टांगायचं नाही, ती बुडणाऱ्यासाठी आहे. कायाकचे हातपंप मी आणतो.

प्रेषक: शुभदा

ठरलं ते लिहिते, आता फाटे फोडू नका.

कायाक दोन्ही राहतील. बॅरल दोन, ६० लिटरची, हार्नेससकट (पाठीवर न्यायच्या पट्ट्या). बॅरल कनूत योकच्या जवळ, आडवं, झाकण आतल्या बाजूला. बोटीचा काठ पाण्यावर किमान १५ सेंटीमीटर राहिला पाहिजे. नसेल तर एक पिशवी दुसऱ्या कनूत. समोरून वारा असेल तर सामान थोडं पुढे सरकवा, नाहीतर नाक उचललं जाऊन कनू गरगर फिरते. तांदूळ-डाळीची एक राखीव पिशवी प्रत्येक कायाकमध्ये जाईल, बाकीचं काकूंच्या बॅरलमध्ये. नळीवाली शेगडी एक मिळतेय, दुसरी अजून नाही. ज्या साइटला मिळणार नाही तिथे पातेलं.

कायाक पुढे पळतात, तेव्हा योगेश, ‘जो’ लेकवर पोर्टेजच्या धक्क्याजवळच थांबायचं. धक्क्यावरून ९ च्या आत निघायचं. दुपारी कनू लेकवर वारा वाढतो.

प्रेषक: सुनंदाकाकू

राखीव पिशवी ठीक आहे. पण पातेलं कोणत्या साइटला, ते मला गुरुवारपर्यंत सांगा. मूगडाळ त्यांनाच जास्त द्यावी लागेल, दुसऱ्यांना तूर.