वस्तूंच्या नोंदीत शब्द एकच हवा का?

मूळ मत
संग्रहातील वस्तूंची नोंद करताना वस्तुप्रकाराच्या रकान्यात नियंत्रित शब्दसूचीतलाच, म्हणजे आधी ठरवून दिलेल्या यादीतलाच, शब्द असावा, असे माझे ठाम मत आहे. एकाच घडणीच्या तीन लाकडी वस्तू तिघांनी ‘पेटी’, ‘डबा’ आणि ‘संदूक’ अशा चढवल्या, तर ‘पेटी’ शोधणाऱ्या अभ्यासकाला एकच सापडते आणि उरलेल्या दोन संग्रहात असूनही नसल्यासारख्या होतात. गेटी या अमेरिकी कलासंस्थेच्या ‘आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस’ या संज्ञाकोशात प्रत्येक संकल्पनेला, तिची नावे कितीही असोत, एकच स्वतंत्र क्रमांक असतो, तो याचसाठी.

उत्तर १ (असहमत)
‘संदूक’ हा शब्द वस्तू देणाऱ्या घराचा असेल, तर तो पुसताना वस्तूबरोबर आलेली एक साक्षच पुसली जाते. शिवाय सूचीत नेमका शब्द नसला की नोंदणीकार जवळचा शब्द ओढूनताणून बसवतो. एका नोंदीत मी ‘१७५०’ असे ठाम साल पाहिले. जुन्या नोंदवहीत मात्र ‘अंदाजे १७५०, कदाचित नंतरची’ असे होते. संगणकाच्या रकान्यात चार आकडेच मावत होते, म्हणून शंका गळाली आणि नोंद मात्र नीटनेटकी दिसू लागली!

मूळ लेखक
तो दोष त्या प्रणालीचा, मानकाचा नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेली ‘कॅटलॉगिंग कल्चरल ऑब्जेक्ट्स’ ही मार्गदर्शिका वाचकाला दाखवायची माहिती आणि शोधासाठीची माहिती वेगळी ठेवायला सांगते. वाचकाला ‘अंदाजे १७५०’ दिसते, शोधासाठी मात्र आरंभीचे आणि अखेरचे साल, समजा १७४० आणि १७६०, स्वतंत्रपणे नोंदवलेले असते. ‘संदूक’ही पर्यायी संज्ञा म्हणून त्याच क्रमांकाखाली राहू शकतो.

उत्तर २
दोघांनीही एक गुंता सोडला आहे. इमारतीच्या छायाचित्राच्या नोंदीत ‘कर्ता’ कोण, वास्तुरचनाकार की छायाचित्रकार? डब्लिन कोअर या सर्वसाधारण नोंद-मानकाच्या १५ मूळ घटकांत (रकान्यांत) दोघांची सहज सरमिसळ होते. व्हीआरए कोअर हे दृश्य-कलाकृतींसाठीचे मानक कृतीची (इथे इमारतीची) आणि प्रतिमेची (छायाचित्राची) नोंद वेगळी ठेवून त्या जोडते. आधी नोंद कशाची आहे ते ठरवा, शब्दांचे नंतर पाहू.

उत्तर १
हे मान्य. पण पर्यायी संज्ञेबाबत माझा प्रश्न उरतोच: पसंतीची संज्ञा, म्हणजे पर्यायांतला मुख्य मानलेला शब्द, कोण ठरवते? ‘संदूक’ कोणाचा शब्द आणि तो केव्हा नोंदवला, यासाठी रकाना दिलात तर माझा निम्मा विरोध मावळेल. निम्माच, कारण असा रकाना सक्तीचा नसला की रिकामा राहतो, हे मी पुरेशा नोंदी तपासून सांगतो आहे.