टेबलावरच्या पुस्तकावरील दोन बले ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का?

प्रश्न:
मुलीला बलाचा धडा समजावताना मी स्वतःच अडखळले. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाला पृथ्वी खाली ओढते आणि टेबल तितक्याच बलाने वर ढकलते, म्हणून ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असल्याचे मी सांगितले. त्यावर तिने विचारले, की प्रतिक्रिया नेहमी क्रियेइतकीच असेल, तर कोणतीही वस्तू हलेलच कशी? शिवाय तिच्या पुस्तकात स्नायू बल, घर्षण बल, चुंबकीय बल अशी बरीच नावे आहेत, तर अन्यत्र निसर्गात चारच मूलभूत बले असल्याचे वाचनात येते. याची सांगड कशी घालावी?

उत्तर १:
मुलीची शंका रास्त आहे; चूक जोडी लावण्यात झाली आहे. न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या तिसऱ्या नियमातील क्रिया आणि प्रतिक्रिया कधीही एकाच वस्तूवर नसतात, त्यामुळे त्या एकमेकींना रद्दही करत नाहीत. पृथ्वी पुस्तकाला ओढते, याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढते. टेबल पुस्तकाला वर ढकलते, याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबते. पुस्तकावरची दोन बले समान असतात, ती केवळ पुस्तकाला त्वरण नाही म्हणून. हेच १ किलोग्रॅमचे पुस्तक २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघालेल्या लिफ्टच्या तळावर ठेवले, तर पृथ्वीची ओढ ९.८ न्यूटनच राहते, पण तळ मात्र त्याला ११.८ न्यूटन बलाने ढकलतो. ती जोडी असती तर हा फरक पडलाच नसता.

उत्तर २:
नावांविषयी. ही नावे बल कोणत्या प्रसंगी जाणवते ते सांगतात, त्याचे मूळ सांगत नाहीत. चारपैकी प्रबल आणि क्षीण बलांचा पल्ला अणुकेंद्रकापुरता असल्याने रोजच्या ढकलाढकलीत ती बाजूला ठेवता येतात. गुरुत्व बल वगळता बाकी सारे शेवटी विद्युतचुंबकीय बलापाशी येऊन थांबते. टेबलाचे वर ढकलणेही त्यातलेच: पुस्तकाखाली टेबल किंचित दबते आणि त्याचे दबलेले अणू पुस्तकाला परत ढकलतात, फक्त ते दबणे डोळ्यांना दिसत नाही. टेबलाऐवजी स्पंज घेतला की लगेच दिसते.

माझ्या मते खरी गंमत घर्षणात आहे, कारण ते मागणीप्रमाणे बदलते. या पुस्तकाला आडवे १ न्यूटन बल लावले आणि ते हलले नाही, तर घर्षण १ न्यूटन. २ लावूनही हलले नाही, तर २. स्थितिक घर्षणांक (सरकण्याआधीचे कमाल घर्षण टेबलाच्या वरच्या रेट्याच्या किती पट, तो आकडा) ०.४ असल्यास ही मर्यादा सुमारे ३.९ न्यूटनला संपते आणि पुस्तक सरकू लागते. घर्षण नेहमी गतीला विरोध करते, हे वाक्यही जपून वापरावे, कारण चालताना पाय जमिनीला मागे रेटतो आणि आपल्याला पुढे नेणारे बल घर्षणाचेच असते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभे राहून हे पडताळता येईल, असे वाटते. वर जाताना काटा सतत जास्त दाखवेल ना?

उत्तर १:
सतत नाही. सुटताना क्षणभर जास्त दाखवेल, वेग स्थिर झाला की नेहमीइतके, आणि वर पोहोचून थांबताना कमी. खाली येताना नेमके उलट होईल. लिफ्ट हळूहळू वेग घेणारी असेल तर फरक थोडाच असेल, म्हणून काट्यावरची नजर सुटताक्षणी हलू देऊ नये.