फ्रिस्बी हवेत झेलायला तुमच्या कुत्र्याला कसं शिकवलंत? (अनुभव धागा)

फ्रिस्बी झेलणारा कुत्रा लांबून पाहिला की वाटतं, हे त्याला उपजतच येत असणार. काहींना येतंही. पण बहुतेकांची सुरुवात अशी होते: आपण मोठ्या हौसेने चकती फेकतो, ती कुत्र्याच्या डोक्यावरून निघून जाते, कुत्रा आधी तिच्याकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि ती पडल्यावर सावकाश जाऊन हुंगून परत येतो. तिथपासून धावता धावता झेलण्यापर्यंतचा जो मधला पल्ला आहे, त्याबद्दल इथे बोलू या.

कुत्र्याचं नाव, जात, वय लिहा. नेमकं कुठे अडलं आणि कशाने सुटलं ते तपशिलात येऊ द्या. "सराव केला आणि जमलं" एवढ्याने नवीन माणसाच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात मीच करते.

झिपरी, मिश्र जात, ३ वर्षं

झिपरीला चेंडूचं वेड, पण चकतीशी काही देणंघेणं नव्हतं. चेंडू टप्पे खात पळतो, म्हणजे तिच्या लेखी तो जिवंत. चकती पडली की निपचित. म्हणून मी ती हवेत फेकणंच बंद ठेवलं आणि घरात बसून खेचाखेची सुरू केली. चकती जमिनीलगत तिच्या तोंडासमोरून सरपटत न्यायची, तिने कड पकडली की थोडं ओढायचं आणि सोडून द्यायचं. जिंकली तीच. खेळ ऐन रंगात आला की चकती कपाटात. या कपाटात ठेवण्याबद्दल माझं मत ठाम आहे. दिवसभर घरात पडलेली चकती कुत्रा चघळत बसतो, आणि चघळायच्या वस्तूमागे कोण धावणार?

मग मैदानात चकती उभी धरून जमिनीवर घरंगळत सोडायची. कुत्र्याच्या अंगावर कधीच नाही, त्याच्यापासून लांब जाईल अशी. इथे झिपरी पहिल्यांदा खरी धावली. घरंगळणारी चकती कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, वेग कमी झाला की एका बाजूला कलते, आणि धावत असतानाच मान वळवून कड पकडायची सवय त्याला लागते. उडत्या चकतीला हेच लागतं.

जमिनीवरून हवेत नेताना मी गुडघ्यावर बसायचे, चकती आडवी धरून तिच्या नाकासमोरून फिरवायचे आणि ती हातातूनच घ्यायला लावायचे. सहज घ्यायला लागल्यावर तिचे दात टेकायच्या क्षणभर आधी बोटं सोडायची. चकती हवेत असते जेमतेम वीतभर. वीतभराची हातभर, हातभराची चार पावलं. कडेवर दात बसल्याचा 'टक्' आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती स्वतःच दचकून थांबली, आणि मग चकती तोंडात धरून माझ्याभोवती गोल गोल पळत सुटली.

* * *

सोनी, वय अंदाजे ५, दत्तक घेतलेली

आमची गोष्ट जरा वेगळी आहे. सोनी आमच्याकडे आली तेव्हा कुणी हात उचलला तरी पोट जमिनीला लावून बसायची. फ्रिस्बी फेकायची तर हात फिरवावाच लागतो. त्यामुळे हा खेळ तिच्यासाठी नाहीच, असं घरच्यांनी धरलं होतं.

मी कापडी चकती घेतली. ती पडली तरी आवाज होत नाही आणि चुकून लागली तरी दुखत नाही. ती जमिनीवर ठेवायची, स्वतः पाठ करून बसायचं आणि काहीच करायचं नाही. सोनी जवळ येऊन हुंगायची. हुंगलं की खाऊ. नाक लावलं की खाऊ. तोंडात धरली की जरा जास्त खाऊ. मी तिच्याकडे थेट बघायचंही टाळत होते.

हाताची भीती जायला सगळ्यात वेळ लागला. मी आधी नुसती बोटं हलवायचे, मग मनगट, मग कोपर, आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे खाऊ सरकवायचे. तिचे कान मागे गेले की तिथेच थांबायचं, दुसऱ्या दिवशी एक पायरी खालून सुरुवात. अजूनही मी खांद्यावरून फेकत नाही. बसून, कमरेच्या बाजूने, मनगटाच्या झटक्याने फेकते. चकती फार लांब जात नाही, पण सोनी तिच्यामागे शेपूट वर करून धावते. जिची शेपूट कायम पायांत असायची तिची ती वर गेलेली शेपूट बघायला मी रोज मैदानात जाते.

लांब उडी, हवेतली झेप यांतलं ती काही करत नाही. मला ते नकोही आहे.

* * *

ढोल्या, लॅब्रडॉर, ७ महिने

आम्ही अजून झेलण्यापर्यंत आलेलोच नाही, मुद्दाम. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की पिल्लाच्या हाडांच्या टोकांना वाढीचा मऊ भाग असतो आणि तो भरून यायच्या आत उड्या मारायला लावल्या तर सांध्यांचं नुकसान होऊ शकतं. मोठ्या जातींत हे साधारण सव्वा-दीड वर्षापर्यंत चालतं, लहान जातींत लवकर आटोपतं. त्यामुळे सध्या फक्त हळू घरंगळणारी चकती, हातातून घेणं आणि "सोड". ढोल्याचं "सोड" आता इतकं पक्कं झालंय की मी म्हणायच्या आत तो चकती पायावर आणून टाकतो. पिल्लाच्या वयात करण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते जमिनीवरचं आहे.

* * *

बिजली, बॉर्डर कॉली, २ वर्षं

झेलणं दोन-चार आठवड्यांत जमलं, कॉलीच ती. अडलं होतं ते परत आणण्यात. चकती पकडली की बिजली मैदानाच्या टोकाला. मी मागे गेलो की अजून लांब, कारण आता तिच्यासाठी मीच खेळ झालो होतो.

दोन चकत्यांनी प्रश्न सुटला. दोन्ही एकसारख्या, एकाच रंगाच्या. वेगळ्या असल्या की कुत्र्याची एक लाडकी ठरते आणि ती सोडवत नाही. पहिली तिने पकडली की मी तिच्याकडे पाठ करून उलट्या दिशेने चालायला लागायचो आणि हातातली दुसरी चकती जमिनीवर आपटत, फिरवत राहायचो. तिच्या तोंडातली चकती मेलेली, माझ्या हातातली जिवंत. ती धावत यायची, जवळ आली की तोंडातली टाकायची, आणि ती टाकताक्षणी दुसरी हवेत. "आण" हा शब्द मी खूप उशिरा जोडला, ती आपणहून यायला लागल्यावर.

सुरुवातीला लांब दोरी लावली होती, पण फक्त घरंगळत्या चकतीसाठी. उडी मारणाऱ्या कुत्र्याला दोरी लावू नका, पायात गुंतते.

* * *

खंड्या, मिश्र जात, ४ वर्षं

सगळे कुत्र्याबद्दल लिहितायत, मी फेकणाऱ्याबद्दल लिहितो. माझ्या मते "कुत्रा झेलत नाही" या तक्रारीतलं अर्ध्याहून जास्त काम फेकणाऱ्याच्या हाताचं असतं. खंड्याला मैदानात नेण्याआधी मी एकटा जाऊन एका झाडावर नेम धरून फेकत बसायचो.

चकती हवेत टिकते ती फिरण्यामुळे. गिरकी भरपूर असेल तर ती आडवी, स्थिर राहते. गिरकी कमी पडली की डगमगून एका बाजूला कोसळते. म्हणून जोर दंडातून लावायचा नाही, मनगटातून लावायचा. अंगठा वर, बोटं कडेच्या आतल्या बाजूला, चकती पोटाजवळून सरळ रेषेत बाहेर आणि शेवटी झटका. पुढची कड वर उचलली गेली की चकती वर चढते आणि कुत्र्याच्या डोक्यावर येऊन थांबते, मग तो बिचारा सरळ वर उडी मारतो. वाऱ्याकडे तोंड करून फेकली तर ती उचलली जाते आणि रेंगाळते, वारा पाठीमागून असेल तर लवकर खाली बसते. नवीन कुत्र्याला हलक्या समोरच्या वाऱ्यातली रेंगाळणारी चकती सोपी जाते, फक्त ती खालूनच फेका.

माणसांच्या अल्टिमेट या सांघिक फ्रिस्बी खेळाची चकती १७५ ग्रॅमची असते. कुत्र्याच्या तोंडासाठी ती जड आणि टणक. कुत्र्यांसाठीच्या साधारण १०० ग्रॅमच्या आसपासच्या, लवचिक मिळतात, त्याच घ्या. टणक प्लॅस्टिकने सुळे झिजतात.

अजून एक, मला फार आवडलेली गोष्ट. 2004 साली संशोधकांनी कुत्र्यांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बांधून त्यांना फ्रिस्बी झेलायला लावलं आणि त्यांच्या नजरेतून चकती कशी दिसते ते तपासलं. कुत्रा चकती कुठे पडणार याचा हिशेब करून तिथे जाऊन उभा राहत नाही. आपल्या नजरेत ती एका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकत राहील अशा बेताने तो धावत राहतो. चकतीने दिशा बदलली की नवी रेषा धरतो. बेसबॉलचे खेळाडू उंच चेंडू असाच गाठतात. हे कळल्यावर मी फेकण्याची वेळ बदलली. खंड्या समोर बसलेला असताना फेकली तर त्याला आधी वळावं लागतं आणि तेवढ्यात चकती नजरेआड होते. आता तो माझ्या मागून वळसा घेऊन बाजूने पुढे निघाला की मी फेकतो. तो आधीच धावत असतो आणि चकती पहिल्यापासून त्याच्या नजरेत असते.

* * *

छोटीशी भर. आमचा शेरू लाल चकती गवतात पडली की नाकाने शोधायचा. कुत्र्यांना लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे दिसत नाहीत, निळा आणि पिवळा चांगले दिसतात. निळी घेतल्यापासून तो डोळ्यांनीच शोधतो.

* * *

चपळा, व्हिपेट, ६ वर्षं

उड्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण हवेतल्या फोटोंपायी कुत्र्यांचे गुडघे जातायत.

व्हिपेट म्हटलं की सगळ्यांना अ‍ॅश्ली आठवतो. ऑगस्ट 1974 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर बेसबॉलचा सामना रंगात असताना अ‍ॅलेक्स स्टाइन हा तरुण आपला अ‍ॅश्ली व्हिपेट घेऊन मैदानात घुसला आणि चकत्या फेकायला लागला. सामना थांबला, टीव्हीवरून देशभर लोकांनी तो कुत्रा पाहिला, स्टाइनला अटक झाली. कुत्र्यांच्या फ्रिस्बी खेळाला खरी प्रसिद्धी तिथून मिळाली. पुढे 1975 ते 1977 सलग तीन वर्षं अ‍ॅश्लीच जगज्जेता होता. पण तो हडकुळा, हलका, लवचिक व्हिपेट होता. तीच उडी तीस किलोच्या कुत्र्याकडून मागायची नसते.

चपळाला उडी येते, तरी मी तिच्याकडून ती क्वचितच घेते. माझी फेक तिच्या डोक्याच्या उंचीवर, तिच्या पुढे पडणारी असते. ती ताणून पळते आणि पळतानाच घेते. बघायला मला हेच जास्त देखणं वाटतं. कुत्रा सरळ वर उडून मागच्या दोन पायांवर उतरला की सगळा भार गुडघ्यांवर आणि पाठीवर येतो, आणि मागच्या गुडघ्यातली स्नायुबंधनं फाटणं ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे. तुमच्या कुत्र्याचं उतरणं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बघा. चारही पाय टेकतायत का, अंग हवेत पिळलं जातंय का, ते दिसतं. ओलं गवत, सिमेंट, खड्ड्यांचं मैदान असेल तर त्या दिवशी फक्त चालायला जा. खेळायच्या आधीही थोडं चालणं, थोडी दुडकी चाल, मगच पळापळ.

* * *

चपळाच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. आमचा गोट्या पग आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही, म्हणून त्याच्यासाठी फक्त घरंगळणारी कापडी चकती, तीही पहाटे. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली की खेळ बंद, सावली, पाणी. जेवणानंतर लगेच कुठल्याच कुत्र्याला पळवू नका.

* * *

राणी, जर्मन शेफर्ड, ८ वर्षं

चकतीच्या कडेकडे लक्ष ठेवा एवढंच सांगायला आले. दातांनी कडेला खरवडे पडतात, आणि त्या टोकांनी राणीची जीभ कापली होती. पांढऱ्या चकतीवर रक्त दिसलं तेव्हा काळजाचं पाणी झालं. आता दर खेळानंतर कडेवरून बोट फिरवते. बोचलं की सँडपेपरने घासायचं, तडा गेलेली असेल तर फेकून द्यायची.

* * *

प्रश्न : माझ्याकडे दोन कुत्रे आहेत, टिपू आणि मैना. एकेकटे छान झेलतात. दोघे एकत्र असले की टिपू चकती सोडून मैनेवरच धावतो. काय करावं?

धागाकर्तीचं उत्तर : एका वेळी एकच. दोन कुत्रे एकाच चकतीकडे बघत वर बघून धावले तर हवेत किंवा उतरताना जोरात आदळतात, आणि टिपू तर आत्ताच मैनेकडे धावतोय. मी शेजारच्या कुत्र्याबरोबर झिपरीला खेळवते तेव्हा एकाला लांब खुंटीला बांधून चघळायला काहीतरी देते, दुसऱ्याच्या चार-पाच फेका झाल्या की अदलाबदल. बांधलेल्याने शांत बसून वाट बघितली तरच त्याची पाळी येते. टिपूला आधी मैना फक्त चालत असताना तुमच्याकडे बघायला शिकवा, मग ती पळत असताना. त्यानंतरच त्याच्यासमोर चकती काढा. काय झालं ते इथे येऊन जरूर लिहा.