आवाज न चढवणारे रॅपर: माझे पाच, आणि टुपाक त्यात का नाही

सातारी_कान (धागाकर्ता)

ही सर्वोत्तम रॅपरांची यादी नाही, माझ्या आवडीची आहे. कसोटी एकच: आवाज न चढवता हा माणूस मला जागच्या जागी धरून ठेवतो का?

कऱ्हाडला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर २००६ साली एका सीनियरच्या हार्ड डिस्कवरून मी पहिल्यांदा हिप हॉप उतरवून घेतलं. आमच्या मजल्यावर तेव्हा जे काही वाजायचं ते मोठ्याने वाजायचं. त्या फोल्डरमध्ये एरिक बी आणि राकिम यांचा १९८७चा 'पेड इन फुल' होता. रात्री हेडफोन लावून ऐकला आणि वाटलं, हा माणूस माझ्या कॉटच्या कडेला बसून बोलतोय.

राकिम लाँग आयलंडचा. तो अल्बम आला तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या बहुतेकांची पद्धत ठरलेली: ओळ संपली की यमक आणि यमकावर जोर. रन-डीएमसी या तेव्हाच्या गाजलेल्या ग्रुपला ते शोभतही होतं. राकिमने यमक ओळीच्या पोटात नेलं आणि वाक्य ओळीच्या काठावरून पुढच्या ओळीत सांडू दिलं. तो सॅक्सोफोन वाजवायचा, जाझवाला जॉन कोल्ट्रेन ऐकायचा, हे मला फार नंतर कळलं. माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांना मी तो एकदा ऐकवला. शब्द त्यांना कळले नाहीत, पण म्हणाले, "याला समेवर यायची घाई नाही."

नास. अख्खा नास नाही, 'इलमॅटिक'चा नास. १९९४, वय २०, क्वीन्सब्रिज ही न्यूयॉर्कमधली सरकारी घरांची अवाढव्य वसाहत, दहा ट्रॅक, चाळीसेक मिनिटं. त्यातलं 'वन लव्ह' म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. तुला मुलगा झाला, तो तुझ्यासारखा दिसतो म्हणतात, तुझी मैत्रीण तुला पत्र का पाठवत नाही, अशी घरगुती विचारपूस. शेवटच्या कडव्यात तो बाकावर बसलेल्या १२ वर्षांच्या पोराशी बोलतो. ते पोर थंडपणे हाणामारीच्या गोष्टी करतं, आणि नास त्याला उपदेश करायला मोठ्याने बोलत नाही. मी माझ्या धाकट्या चुलतभावाशी असं एकदाही बोलू शकलो नाही.

स्कारफेस, ह्यूस्टनचा. गेटो बॉइज या त्याच्या ग्रुपचं १९९१चं 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी' ऐकलं नसेल तर हा धागा सोडून आधी ते ऐका. बंदुका मिरवण्याच्या त्या दिवसांत हा चार भिंतींत एकटा बसलाय, कुणीतरी पाळत ठेवतंय या भीतीने त्याला झोप नाही. मर्द माणसाने घाबरल्याची कबुली द्यायची हे मी तोवर कुठल्याच भाषेतल्या गाण्यात ऐकलं नव्हतं.

एमएफ डूम. लंडनमध्ये जन्म, न्यूयॉर्कमध्ये वाढ. १९९३ मध्ये धाकटा भाऊ सबरॉक गाडीखाली गेला. दोघांचा केएमडी नावाचा ग्रुप होता. पुढच्याच वर्षी कंपनीने त्यांचा तयार अल्बम मुखपृष्ठाच्या वादावरून रद्द केला आणि ग्रुपला सोडून दिलं. तो काही वर्षं गायब झाला आणि परतला तो चेहऱ्यावर मुखवटा घालून. मॅडलिब या निर्मात्याबरोबरचा 'मॅडव्हिलनी' (२००४) हा अल्बम बाहेर पडण्याआधीच इंटरनेटवर फुटला होता. मग डूमने पुन्हा रेकॉर्ड करताना आवाज आणखी खाली आणला, आणखी सैल केला. २२ ट्रॅक आणि ध्रुवपद जवळपास नाहीच. तो ३१ ऑक्टोबर २०२०ला गेला आणि आम्हाला कळलं ३१ डिसेंबरला. त्या रात्री मी पार्टीतून उठून गच्चीवर गेलो होतो.

लॉरिन हिल. 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', १९९८. हिप हॉपमधला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळवणारा पहिला अल्बम. तिच्याबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे लांबेल.

टुपाक शकूर, नव्वदच्या दशकातला सगळ्यात गाजलेल्या रॅपरांपैकी एक, मुद्दाम बाहेर ठेवलाय. तो मला दमवतो. प्रत्येक ओळ छातीवर हात आपटून म्हटल्यासारखी. आता बोला.

बॅकबेंचर

दादा, डूमपर्यंत मान हलवत आलो आणि शेवटच्या परिच्छेदात तुम्ही सगळ्यावर पाणी ओतलंत.

टुपाक ओरडतो म्हणता. कुठला टुपाक ऐकलाय? आई अफेनी शकूर, ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेतली. कटाच्या खटल्यात गरोदरपणी तुरुंगात होती, कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे १९७१ मध्ये निर्दोष सुटली. साधारण महिन्याभराने पोरगा जन्मला. त्याने विशीत 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' लिहिलं, १९९१ मध्ये. १२ वर्षांची मुलगी बाळाला कचऱ्यात टाकते ही पेपरातली बातमी वाचून. पानावर चार ओळींत संपलेल्या मुलीला त्याने नाव दिलं, घर दिलं, व्यसनी बाप दिला. त्यात एक ओळ छाती बडवून म्हटलेली दाखवा.

'डिअर माम्मा' अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतलंय. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. मी तिला ते ओळ थांबवून-थांबवून मराठीत सांगितलं होतं. आई व्यसनात बुडालेली होती हे तो लपवत नाही आणि तरी तिचा मान राखतो, हे ऐकून ती म्हणाली, पोरगा खरं बोलतो. तुमच्या पाचांपैकी कुणाचं गाणं असं समजावून देता येईल? डूम समजावायला बसलात तर सकाळ होईल.

कुर्ल्याची_पोर

मला टुपाकपेक्षा कसोटीच खटकली.

आवाज न चढवणं ही हेडफोनवाल्यांची सोय आहे. मी जिथे वाढले तिथे मागे लोकलचा मार्ग, पुढे गॅरेज, मध्ये नळावरची भांडणं. हळू बोलणाऱ्याची बादली शेवटी भरते. हिप हॉप ११ ऑगस्ट १९७३ला ब्राँक्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत, डीजे कूल हर्कच्या पार्टीत सुरू झालं म्हणतात. हर्क ओळखला जायचा तो त्याच्या दणदणीत स्पीकरांसाठी. मोठा आवाज हा या संगीताचा दोष नाही, तो जन्मापासूनचा आहे.

माझा पहिला नंबर चक डीचा. त्याचा ग्रुप पब्लिक एनिमी, १९८८चा अल्बम. मागे भोंगे, जुन्या गाण्यांतून कापून घेतलेले किंचाळणारे तुकडे (सॅम्पल), एकावर एक चढवलेले ढोल, आणि त्या गोंगाटावर बसणारा भारदस्त आवाज. हा सूर त्याने खेळांचं समालोचन ऐकून कमावला. त्या गोंगाटात राकिम ठेवा, ऐकूच येणार नाही.

आणि आपल्याकडचं बघा. आरेच्या जंगलासाठी स्वदेसी या ग्रुपने २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' केलं, आरेतल्या पाड्यावरच्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन. एमसी मवालीचं मराठी त्यात ऐका. झाडं पडत असताना कानात कुजबुजायचं का?

लयवेडा

दोन गोष्टी.

पहिली, समेची. वडिलांचं निरीक्षण छान, पण त्यावर जास्त भार टाकू नका. आपला ताल आवर्तनात फिरतो आणि सम हे परतण्याचं ठिकाण असतं. इथे चार ठोक्यांची पट्टी आहे आणि स्नेअर ड्रमचा ठोका दुसऱ्या-चौथ्यावर पडतो, म्हणजे वजन आपल्या सवयीच्या उलट बाजूला. तिहाई हिशेब करून समेवर येते. राकिमचं वाक्य पट्टीची रेघ ओलांडून भलतीकडे थांबतं आणि पुढचं तिथूनच उचलतं. पोवाडा म्हणजे आपला रॅप, हे वाक्य मी दर वर्षी कुठे ना कुठे वाचतो, आणि दर वेळी दोन्हींचं नुकसान होतं. शाहिराला झीलकरी असतात, डफ-तुणतुणं त्याच्या श्वासाबरोबर हळू-जलद होतं. रॅपरची लूप, म्हणजे मागे फिरत राहणारा संगीताचा तुकडा, त्याच्यासाठी थांबत नाही. त्याची सगळी कारागिरी त्या न थांबणाऱ्या लूपशी भांडण्यात आहे.

दुसरी: धाग्यात निर्माते, म्हणजे रॅपरामागचं संगीत रचणारे, कुठे आहेत? 'इलमॅटिक' शांत वाटतो त्याचं निम्मं श्रेय डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप यांचं. त्यांनी मधली जागा मोकळी ठेवली म्हणून नासला आवाज चढवावा लागला नाही. चक डीच्या मागे बॉम्ब स्क्वाड ही निर्मात्यांची टोळी आहे, म्हणून त्याला चढवावा लागतो. तुम्ही दोघं रॅपरांवर वाद घालताय, फरक मिक्सिंगच्या टेबलावर आहे.

जर्सीकर

मी राहते तिथून लॉरिनचं गाव, न्यू जर्सीतलं साउथ ऑरेंज, अर्ध्या तासावर. म्हणून "इथे लांबेल" हे वाक्य वाचून वाईट वाटलं. चार पुरुषांना परिच्छेद आणि तिला एक ग्रॅमी.

बरं, ती तुमच्या कसोटीत बसते तरी का? त्या अल्बमचं पहिलं गाणं 'लॉस्ट वन्स' म्हणजे सरळ हल्ला आहे. आणि अर्ध्याहून जास्त अल्बम ती गाते, रॅप करत नाही. मला तिच्यातलं सगळ्यात धीट वाटतं ते 'टू झायन'. करिअरचा विचार कर, मूल नको, असं सांगणाऱ्यांना दिलेलं उत्तर, पहिल्या मुलाच्या नावाने. तिथे ती शेवटी आवाज पार वर नेते. मी माझ्या मुलाच्या वेळी, सातव्या महिन्यात, गाडीत बसून ते ऐकलंय. तो आवाज खाली असता तर मला त्या दिवशी उपयोग नव्हता.

एकच बाई का, हेही विचारते. एमसी लाइटचा पहिला अल्बम १९८८चा आहे, तुमच्या राकिमनंतर अवघ्या वर्षाने. आणि तिचा आवाज तुम्हाला हवा तसाच, थंड. मिसी एलियट २०२३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेली, हिप हॉपमधली पहिली बाई. २००१च्या तिच्या गाजलेल्या गाण्यात टिंबालँड या निर्मात्याने पंजाबी तुंबीसारखा सूर वापरला, तो तरी आपल्या लोकांनी नक्की ऐकलाय.

बॅकबेंचर, तुझ्या आईची गोष्ट आवडली. पण हेही सांग: 'डिअर माम्मा' ज्या अल्बममध्ये आहे तो १९९५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा टुपाक लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात तुरुंगात होता. त्याने शेवटपर्यंत गुन्हा नाकारला, पण ज्युरीने दोषी धरलं होतं. ब्रेंडा लिहिणारा आणि तो, एकच माणूस. मी त्याला ऐकणं सोडलं नाही, पण आईच्या गाण्यावर मान डोलावताना ती दुसरी बाई मला आठवते.

बॅकबेंचर

जर्सीकर ताई, हे मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ढोलपथक_९९

सगळे २००४ला थांबलेत! रॅपर केंड्रिक लमार कुणी काढलाच नाही. पुलित्झर राहू द्या (२०१८, 'डॅम'साठी, शास्त्रीय आणि जाझच्या बाहेरच्या संगीताला पहिल्यांदाच). मी त्याच्या २०१२च्या अल्बममधलं 'सिंग अबाउट मी' म्हणतोय. बारा मिनिटांचा ट्रॅक. पहिल्या कडव्यात एक मुलगा बोलत असतो, वाक्य पूर्ण व्हायच्या आत गोळ्यांचा आवाज येतो आणि तो गप्प. दुसऱ्यात एक मुलगी सांगते मी विझणार नाही, आणि तिचा आवाज बारीक होत-होत विरून जातो, ती अजून बोलतेच आहे. सातारी_कान, आवाज चढवणं-उतरवणं याच्यावर धागा काढता आणि हे सोडता?

सातारी_कान (धागाकर्ता)

चार दिवस उत्तर दिलं नाही कारण ऐकत होतो.

ढोलपथक, तो ट्रॅक मी नीट ऐकला नव्हता, बारा मिनिटं बघून पुढे ढकलायचो. काल दुसरं कडवं संपताना आवाज वाढवण्यासाठी हात आपोआप फोनकडे गेला. आवाज आणखी कमी होत गेला. जर्सीकर, लॉरिनबद्दल तुमचं बरोबर आहे. ती कसोटीत बसत नाही. मी तिला घेतली कारण तिच्याशिवाय यादी मला खोटी वाटली असती, म्हणजे कसोटीच अपुरी होती. एमसी लाइट लावली, दोन दिवस तीच चालू आहे. लयवेडा, निर्मात्यांचं मान्य. पण 'वन लव्ह'मध्ये क्यू-टिपने जागा मोकळी ठेवली तरी त्या जागेत पत्र लिहायचं सुचलं ते नासलाच.

कुर्ल्याची_पोर, तुझ्याशी अजून सहमत नाही. नळावर ओरडावं लागतं हे खरं, पण रॅपर नेझीचं 'आफत' आठव, २०१४, आयपॅडवर केलेलं. तोही तुझ्याच कुर्ल्याचा, आणि त्यात मला ओरडण्यापेक्षा जिभेचा वेग जास्त दिसतो. वारली रिव्होल्ट मात्र ऐकलं. भोईरांचा आवाज आला तिथे मी मागे जाऊन पुन्हा लावलं.

आता टुपाक. 'ब्रेंडा' तीनदा ऐकलं. तो ओरडत नाही. होस्टेलला समोरच्या खोलीत रोज रात्री एकपर्यंत टुपाक वाजायचा, त्यांच्या भिंतीवर त्याचा उघड्या छातीचा पोस्टर होता, आणि त्या पोरांशी माझं पटत नव्हतं. इतकी वर्षं मी बहुधा त्यांचा राग त्याच्यावर काढत होतो. यादीत त्याला लगेच घालत नाही. जर्सीकरांनी लिहिलंय ते वाचल्यावर तर घाई करवत नाही. पण "दमवतो" हा शब्द मागे घेतो.

कुर्ल्याची_पोर

'आफत' स्पीकरवर लावून बघ, हेडफोनवर नको. मग बोलू. आणि चक डीला एक रविवार दे.