व्ही-सिंक, जी-सिंक आणि फ्रेम मर्यादा : एकत्र नेमके काय चालू ठेवावे?

प्रश्न : तिरपी रेघ

माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र नव्याने दाखवणारा (रिफ्रेश करणारा) आहे आणि त्याच्या बदलत्या रिफ्रेश रेटची कक्षा ४८ ते १४४ अशी दिलेली आहे. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे आहे. काही हलके शूटर गेम सेकंदाला २०० फ्रेमच्याही वर जातात, तर मोठ्या, जड गेममध्ये आकडा ९० च्या आसपास घुटमळतो. व्ही-सिंकचा, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेशशी जुळवण्याचा, पर्याय गेममध्येही आहे आणि ड्रायव्हरमध्येही. फ्रेमवर मर्यादा घालण्याची सोय गेममध्ये आहे, ड्रायव्हरमध्ये आहे आणि आरटीएसएससारख्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्येही आहे. व्ही-सिंक चालू केले की शूटर गेममध्ये माउस जड वाटतो. ते बंद करून केवळ जी-सिंक (मॉनिटरचा रिफ्रेश रेट फ्रेमनुसार बदलणारी एनव्हिडियाची सोय) ठेवले, तर पडद्याच्या अगदी तळाशी अधूनमधून चित्र फाटल्यासारखी रेघ दिसते. जी-सिंक असताना व्ही-सिंकची गरज काय, मर्यादा किती ठेवावी आणि ती कोठे लावावी, हे कोणी कारणांसह सांगू शकेल का? केवळ आकडे अनेक ठिकाणी मिळतात, पण ते परस्परविरोधी आहेत.

प्रतिसाद १ : अर्धविराम

आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे : फ्रेम मॉनिटरच्या कक्षेबाहेर जात आहेत. त्यामुळे सिंकच्या पर्यायांआधी मर्यादेचा विचार करावा, असे माझे मत आहे.

मॉनिटर एक चित्र क्षणार्धात दाखवत नाही. तो ते वरून खाली, ओळीमागून ओळ असे उतरवतो. हे काम अर्ध्यावर असताना कार्डाने नवी फ्रेम पुढे केली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो, हेच टेअरिंग. व्ही-सिंक नव्या फ्रेमला दोन रिफ्रेशमधील मोकळ्या अवधीपर्यंत थांबवते. चित्र अखंड राहते, परंतु कार्ड २०० फ्रेम काढू शकत असेल आणि मॉनिटर १४४ च घेत असेल, तर तयार फ्रेम रांगेत साचतात आणि आपण पाहतो ती फ्रेम काही फ्रेम आधीच्या माउसच्या हालचालीवर बेतलेली असते. जडपणा येतो तो या साचलेल्या रांगेमुळे.

बदलत्या रिफ्रेश रेटमध्ये उलटे घडते, म्हणजे मॉनिटरच फ्रेमची वाट पाहतो. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले, तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळे मॉड्यूल लागत असे. पुढे २०१४ मध्ये डिस्प्लेची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने याच कामाचे अ‍ॅडाप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये आणले, एएमडीचे फ्रीसिंक त्यावर उभे राहिले आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाचे ड्रायव्हरही तशा मॉनिटरवर जी-सिंक चालवू लागले. मात्र यांपैकी कोणतीही पद्धत मॉनिटरला त्याच्या कमाल वेगापलीकडे नेऊ शकत नाही. १४४ हर्ट्झला एका रिफ्रेशला ६.९४ मिलिसेकंद लागतात. फ्रेम त्याहून लवकर आली, तर व्ही-सिंक चालू असल्यास तिला थांबावे लागते आणि बंद असल्यास चित्र फाटते. तिसरा मार्ग नाही.

तळाच्या रेघेचा उलगडाही यातच आहे. सरासरी १४० असली तरी प्रत्येक फ्रेमला सारखाच वेळ लागत नाही. एखादी फ्रेम साडेसहा मिलिसेकंदांत तयार झाली, तर आधीचे चित्र जवळजवळ उतरून झालेले असते आणि केवळ शेवटच्या काही ओळी उरलेल्या असतात. म्हणून फाटलेली रेघ तळाशीच दिसते. जी-सिंकसोबत ड्रायव्हरमधील व्ही-सिंक चालू ठेवायचे ते अशा एकट्यादुकट्या फ्रेमला क्षणभर रोखण्यासाठी. कक्षेच्या आत असताना ते एरवी जवळजवळ निष्क्रिय असते.

आता आकडा. १४३ ही मर्यादा फार काठावर आहे, कारण वर सांगितलेल्या चढउतारांना तिच्यात जागाच उरत नाही. १४१ बहुधा चालते. मी १३८ सुचवेन, कारण जी-सिंक आणि व्ही-सिंक दोन्ही चालू असताना एनव्हिडियाचे रिफ्लेक्स (गेममधील विलंब कमी करणारी सोय) १४४ हर्ट्झवर स्वतःहून याच आकड्यावर मर्यादा ठेवते. तेव्हा आपली जुळणी अशी : जी-सिंक चालू, ड्रायव्हरमध्ये व्ही-सिंक चालू, गेममधील व्ही-सिंक बंद, मर्यादा १३८.

प्रतिसाद २ : सांजवेळ

मर्यादा कोठे लावावी, हे राहिले. गेमच्या इंजिनातील मर्यादा नवी फ्रेम सुरू होण्याआधी, म्हणजे माउसची स्थिती वाचण्यापूर्वीच गेमला थांबवू शकते. त्यामुळे विलंब सर्वांत कमी राहतो. आरटीएसएस किंवा ड्रायव्हर बाहेरून थांबवतात, तेव्हा माउस आधीच वाचलेला असतो आणि विलंबात थोडी, फार तर एका फ्रेमपर्यंत, भर पडते. मात्र आरटीएसएसची फ्रेममधील अंतरे बहुधा अधिक समान असतात. म्हणून शूटरसाठी गेममधील मर्यादा घ्यावी आणि ती डळमळीत असेल तरच बाहेरची. दोन ठिकाणी एकच आकडा लावू नये; दोन्ही मर्यादा एकमेकींच्या वेळेत ढवळाढवळ करतात.

आपल्या ९० फ्रेमच्या गेमला १३८ ची मर्यादा स्पर्शही करत नाही, हे लक्षात घ्यावे. तेथे जी-सिंक असूनही जडपणा जाणवू शकतो, कारण कार्ड ९९ टक्के गुंतलेले असते आणि प्रोसेसर पुढच्या फ्रेमची कामे त्याच्यापुढे साचवत राहतो. गेममध्ये रिफ्लेक्स असेल तर ते चालू करावे. ते ही रांग साचूच देत नाही. नसेल तर त्या गेमपुरती मर्यादा कार्डाला सतत पेलेल अशा आकड्यावर, समजा ८२ वर, आणावी. सरासरी आठ फ्रेमनी घटूनही माउस हलका वाटेल. ड्रायव्हरमधील लो लेटन्सी मोडवर (रांग लहान ठेवण्याच्या पर्यायावर) डायरेक्टएक्स १२ या ग्राफिक्स प्रणालीवरील गेममध्ये विसंबू नये, कारण तेथे रांगेचे नियंत्रण गेमकडेच असते.

प्रतिसाद ३ : धूमकेतू

वरील मांडणी बरोबर आहे, पण स्पर्धात्मक शूटरसाठी ती शेवटचा शब्द मानू नये. गेम ३०० च्या आसपास चालत असेल आणि कार्ड पूर्ण गुंतलेले नसेल, तर सर्व सिंक बंद आणि मर्यादा नाही, ही जुळणी १३८ च्या मर्यादेपेक्षा कमी विलंबाचीच ठरते. कारण फाटलेल्या चित्राचा खालचा भाग हा अधिक ताज्या माहितीचा असतो. फ्रेम वाढल्या की दोन तुकड्यांमधील फरकही घटतो आणि रेघ कमी खुपते. तरीही फरक काही मिलिसेकंदांचाच आहे, आणि तो हाताला जाणवत नसेल तर अखंड चित्र सोडण्याचे कारण नाही.

तिरपी रेघ

१३८ ची जुळणी लावली. रेघ गेली आणि माउसही हलका झाला. एक शंका उरते. २०११ च्या स्कायरिमसारख्या जुन्या गेममध्ये भौतिकीचे गणित फ्रेमशी जोडलेले असल्याने ६० च्या वर गेल्यास ते बिघडते. तो चालवताना लोडिंगच्या वेळी फ्रेम घसरतात आणि पडदा लुकलुकतो. मॉनिटर व्हीए पॅनेलचा (एलसीडीचा एक प्रकार) आहे. ४८ च्या खाली गेल्यामुळे जी-सिंक बंद पडते का?

अर्धविराम

बंद पडत नाही. कक्षेचा वरचा आकडा खालच्याच्या दुप्पट किंवा अधिक असेल, तर ४८ खालील फ्रेम एकाहून अधिक वेळा दाखवली जाते. ४० फ्रेम असतील तर मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो. लुकलुक होते ती पॅनेलमुळे. व्हीए आणि ओलेड पॅनेलवर रिफ्रेशमधील अंतर बदलले की उजळपणाही किंचित बदलतो, आणि लोडिंगमध्ये ही अंतरे झपाट्याने खालीवर होतात. मर्यादा बदलून हे जाणार नाही.

त्या एका गेमपुरते जी-सिंक बंद करावे. मात्र तेव्हा मॉनिटर १४४ वर ठेवू नये : १४४ ला ६० ने भागले की २.४ येतात, म्हणजे काही फ्रेम दोन रिफ्रेश टिकतात आणि काही तीन, आणि कॅमेरा फिरवताना हिसके दिसतात. मॉनिटर १२० हर्ट्झवर आणून व्ही-सिंक चालू करावे आणि मर्यादा ६० ठेवावी. प्रत्येक फ्रेम बरोबर दोन रिफ्रेश दिसेल. फक्त ही मर्यादा स्वतंत्रपणे लावायला विसरू नये, कारण स्कायरिमच्या त्या आवृत्तीत स्वतःची वेगळी मर्यादा नाही आणि व्ही-सिंकच्या भरवशावर तो सरळ १२० वर जाईल.