मदत हवी आहे: जवानांच्या बँडमध्ये जीपीएलचा कोड निघाला, हमीपत्रावर सही कशी करू?

नमस्कार मंडळी,

एम्बेडेडमध्ये (उपकरणांच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा संरक्षण खात्याच्या पुरवठ्यात काम केलेल्यांचा सल्ला हवा आहे. थोडं लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

आमची पुण्यातली सहा जणांची कंपनी. उंचावर तैनात होणाऱ्या जवानांसाठी मनगटावरचा बँड बनवतो. नाडी, रक्तातला ऑक्सिजन, त्वचेचं तापमान. लेहला माणूस विमानातून थेट ३,५०० मीटरवर उतरतो. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की ऑक्सिजन घसरत जातो, आणि जवान 'थोडा दम लागलाय' एवढंच सांगतो. तो आकडा एमआय रूममधल्या, म्हणजे तुकडीच्या दवाखान्यातल्या, डॉक्टरांपर्यंत वेळेत पोचावा, यासाठी ही सगळी धडपड.

बँडवर झेफर ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम आहे, परवाना अपाचे २.०. परवान्याची प्रत आणि श्रेयाच्या नोंदी जोडल्या की झालं. एमआय रूममध्ये बँडचे आकडे घेणारा डबा असतो. त्यात लिनक्स आणि बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या आज्ञांचा संच), दोन्ही जीपीएल २, म्हणजे कोड वापरून बनवलेली वस्तू दिली की सोर्सही (मूळ कोड) द्यायला लावणारा परवाना. त्यातला एक ड्रायव्हर आम्ही बदललाय. माझ्या समजुतीप्रमाणे सोर्स जगजाहीर करावा लागत नाही. ज्याला डबा दिला त्याला द्यावा लागतो. जीपीएल २ च्या कलम ३ मध्ये आमच्यासाठी दोन वाटा आहेत: डब्यासोबतच सोर्स देणे, किंवा किमान तीन वर्षं कुणीही मागितला तरी देऊ असं लेखी देणे. लष्कराच्या कामात पहिलीच बरी, म्हणून डब्यासोबत पेन ड्राइव्ह द्यायचं ठरवलंय. यात चुकत असेन तर सांगा.

खरी अडचण बँडची आहे. सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी करताना नाडी मोजणारी फाइल उघडली. वर आमच्या कंपनीचं नाव, सर्व हक्क राखीव. पण कोडची धाटणी आमच्यातल्या कुणाची वाटेना. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत) मागे गेले, तर पहिल्या कमिटला, म्हणजे पहिल्या नोंदीत, त्याच जागी परदेशातल्या एका विद्यार्थ्याचं नाव आणि जीपीएल ३ ची पाटी. दुसऱ्या कमिटला ती पुसलेली. संदेश एकच शब्द, 'क्लीनअप'. माझे हातपाय गार पडले. हे करणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय.

ही फाइल चिप कंपनीच्या बंद ब्लूटूथ लायब्ररीसोबत एकाच फर्मवेअरमध्ये (बँडच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) जोडलेली आहे. जीपीएल ३ प्रमाणे अख्ख्या फर्मवेअरचा सोर्स द्यावा लागेल, आणि ब्लूटूथचा तर आमच्याकडेही नाही. चाचणीसाठी बारा बँड मुख्य पुरवठादाराला देऊन झालेत, म्हणजे भंग झालाच आहे. कलम ८ म्हणतं, भंग थांबवला आणि पुढच्या ६० दिवसांत हक्कधारकाने कळवलं नाही, तर परवाना कायमचा परत मिळतो. पण ज्याचं नाव आपण पुसलं त्याच्यापासून लपून साठ दिवस मोजत बसायचे, हे मला पटत नाही.

अशात पुरवठादाराकडून हमीपत्र आलंय: संपूर्ण सॉफ्टवेअर स्वनिर्मित असून त्यात बाहेरचा कोड नाही. आमचे साहेब म्हणतात, सगळेच करतात सही. सही माझी लागणार आहे. डब्यात लिनक्स असताना हे वाक्य खोटं आहे, आणि हा बँड कुणाच्या तरी मुलाच्या हातावर बसणार आहे. मी नाही म्हटलंय.

तर विचारायचं असं. हमीपत्राचा मजकूर कुणी बदलून घेतलाय का? 'घटकांची व परवान्यांची यादी सोबत जोडली आहे' एवढं मान्य झालं का? फाइल नव्याने लिहायची तर मी ती ओळ न् ओळ वाचली आहे, माझ्या हातून तिचीच नक्कल उतरेल. मग जिने ती पाहिलेलीच नाही अशा सहकाऱ्याकडून लिहून घ्यावी ना? आणि त्या विद्यार्थ्याकडे वेगळा परवाना मागणारं पत्र कसं लिहावं? त्याच्या रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) 'हा कोड शस्त्रांसाठी वापरू नये ही विनंती' अशी ओळ आहे. जीपीएलमध्ये तशी अट बसत नाही, हे ठाऊक आहे. तरी आमचा बँड कुणासाठी आहे आणि काय करतो, हे त्याला स्पष्ट सांगूनच मागणार आहे. असं पत्र कुणी लिहिलं असेल तर अनुभव सांगा.

सॉफ्टवेअर परवान्यांचं काम केलेला पुण्यातला वकील माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हमीपत्र शुक्रवारी द्यायचं आहे.